पाच मीटरची टेप आणि तीन शहरांतली बाकं

व्हिएन्ना, बार्सिलोना, पॅरिस. अकरा दिवस, आणि पाहायचं एकच: उघड्यावरची बसायची जागा. बॅगेत पाच मीटरची टेप, एक छोटी लेव्हल आणि वही. चित्रं, चर्च, राजवाडे यांच्याबद्दल इथे काही मिळणार नाही. त्यांच्या बाहेरच्या पायऱ्यांबद्दल मात्र मिळेल.

व्हिएन्ना आधी उरकून टाकतो. म्युझियम्सक्वार्टियर म्हणजे जुन्या शाही तबेल्यांच्या आवारात 2001 साली खुला झालेला संग्रहालयांचा परिसर. त्याच्या मधल्या अंगणात ‘एन्झी’ नावाचे भलेथोरले रंगीत ठोकळे ठेवलेले असतात. पीपीएजी या आर्किटेक्ट मंडळींचं हे डिझाइन. मधे खोलगट, दोन्ही टोकांना उंच आणि तिरकं. टेकून बसा, आडवे व्हा, टोकावर चढून पाय सोडा. इथे कसं बसायचं हे ठोकळा सांगत नाही. दोघं दोन टोकांना टेकले की आपोआप एकमेकांसमोर येतात. दोन-तीन ठोकळे वेगवेगळ्या प्रकारे जोडले की निराळीच बैठक तयार होते. कल्पना झकास.

तक्रार एवढीच, की हा ठोकळा गुडघे शाबूत असलेल्यांसाठी आहे. बैठक खाली, बाजूला टेकायला खुर्चीसारखे हात नाहीत. उठताना आधी कूस बदलायची, मग जमिनीवर हात टेकायचा. तासभर पाहिलं, साठीपुढचं कुणी त्यात बसलं नाही. सगळी म्हातारी माणसं कडेच्या साध्या बाकांवर. एकत्र आणायला ठेवलेल्या फर्निचरने वयाप्रमाणे सरळ दोन गट पाडले होते.

हे टाळणं अवघड नसतं. बैठकीची उंची 43 ते 46 सेंमी. हात बैठकीपासून 20 ते 25 सेंमी वर, आणि महत्त्वाचं म्हणजे ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. अर्ध्यात संपणारा हात टेकायला चालतो, उठायला उपयोगी पडत नाही. बैठकीखाली मागच्या बाजूला मोकळी जागाही हवी. उठताना माणूस टाचा मागे घेतो, आणि खालून भरीव ठोकळा असेल तर त्या मागे जाऊच शकत नाहीत. काँक्रीटची भरीव बाकं दिसायला सुंदर असतात, उठायला छळ. सगळ्याच बाकांना हात हवेत असं नाही. तीनात एकाला असले तरी पुरतं.

मग गाडीत दीड दिवस.

वाटेत गाडी बदलायला एका मोठ्या स्टेशनाबाहेर अडीच तास थांबणं झालं, आणि खरं तर हा लेख त्या अडीच तासांमुळे लिहितोय. चौक नवाकोरा. ग्रॅनाइटची लांब बाकं, प्रत्येकी साधारण तीन मीटर, एका सरळ रेषेत चार, सगळी रस्त्याकडे तोंड करून. दर साठेक सेंटिमीटरवर स्टीलचा एक दांडा उभा. कुणी आडवं होऊ नये म्हणून. सहा जणांचं एक कुटुंब आलं, आजी-आजोबा धरून. बसले ते एका ओळीत, कप्प्यांत, अंडी ट्रेमध्ये ठेवावीत तसे. आजीला टोकाच्या नातवाशी बोलायचं होतं. ती चार जणांच्या पुढे वाकून ओरडत होती. दहा मिनिटांनी ते सगळे उठले, सामान मधे ठेवलं आणि फरशीवर गोल करून बसले. आजी तेवढी बाकावर, दांड्याला धरून, गोलाच्या बाहेर.

बाकावर कुणी झोपू नये यासाठी खर्च झाला होता, आणि तो वसूलही झाला होता: झोपायचं सोडाच, कुणी बसतही नव्हतं.

हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या इस्पितळात हेच पाहिलं होतं. काही जागा माणसांना एकमेकांकडे ओढतात, काही एकमेकांपासून लांब फेकतात. 1957 साली त्याने त्यांना ‘सोशियोपेटल’ आणि ‘सोशियोफ्यूगल’ अशी नावं दिली. पुढे रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या कँटीनमधल्या टेबलांवर कोण कुणाशी बोलतं याची मोजदाद केली. टेबलाच्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसलेली माणसं शेजारी-शेजारी बसलेल्यांच्या दुप्पट वेळा बोलत होती, आणि शेजारी बसलेली समोरासमोरच्यांच्या तिप्पट. म्हणजे कोपऱ्यावरचे समोरच्यांच्या सहापट.

ही गोष्ट माहीत असूनही आम्ही डिझाइनवाले प्लॅनवर दोन बाकं समोरासमोर काढतो, मधे दोन मीटर जागा सोडतो आणि खाली ‘संवाद’ असं लिहून मोकळे होतो. समोरासमोर म्हणजे सतत नजरेला नजर. ओळखीच्यांनाही ते फार वेळ झेपत नाही, अनोळखी तर पहिलं बाक भरल्यावर दुसऱ्यावर बसतच नाहीत. काटकोनात बसलं की पाहिजे तेव्हा बघता येतं, नको तेव्हा समोरच्या झाडाकडे. दोन सरळ बाकं 90 ते 120 अंशांत ठेवली तर तेवढ्याच सामानात हे साधतं. फक्त आतल्या कोपऱ्यात दोन्ही बैठका एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, नाहीतर तिथे दोघांचे गुडघे एकाच जागी येतात आणि कोपरा कायमचा रिकामा राहतो. सुमारे 60 सेंमी सोडायचे, किंवा तिथे बैठकीच्या उंचीचं टेबलासारखं काहीतरी द्यायचं. पिशव्या तिथे जातात, बोलणं त्याच्यावरून होतं.

बार्सिलोनात पोचलो ते हा राग घेऊनच. पार्क ग्युएल या तिथल्या बागेचं काम 1900 ते 1914 या काळात झालं. आर्किटेक्ट अंतोनी गाउदीचा आराखडा, आणि वरच्या मैदानाच्या कडेने जाणारं ते प्रसिद्ध नागमोडी बाक, ज्याच्या रंगीत तुकड्यांच्या कामात त्याचा सहकारी जोसेप मारिया जुजोल याचा मोठा हात आहे. गर्दी इतकी की पहिला अर्धा तास बाक दिसलंच नाही, फक्त माणसं आणि त्यांचे फोन. तिकिटाच्या वेळेत सकाळची पहिली वेळ धरा एवढंच सांगतो. मी धरली नव्हती.

हे बाक म्हणजे मैदानाचा कठडाच. लांबी सुमारे 110 मीटर. खाली 86 खांबांचा मंडप, वर मातीचं मैदान. मैदानावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीतून झिरपून खांबांच्या आतून खालच्या टाकीत जातं. कठडा हवाच होता, त्याला बसण्याजोगी जाडी दिली, की वेगळं बाक लागत नाही. आपल्या भाषेत कट्टा म्हणतात तो हाच.

बाक एकदा आत वळतं, एकदा बाहेर, पुन्हा आत. आतल्या वळणात बसलेल्यांची तोंडं एका मध्याकडे येतात. बाहेरच्या वळणावर प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. सलग दोन तास पाहिल्यावर चित्र स्पष्ट झालं: चार-सहा जणांचे घोळके खोबणीत शिरतात, एकटेदुकटे फुगवट्यावर बसतात. पाटी नाही, दांडा नाही, कुणी सांगत नाही. आणि घोळका उठून गेल्यावर त्या खोबणीत अनोळखी माणसं बसली, तर दोन टोकांना बसतात आणि मधली जागा तिसऱ्या गटासाठी आपसूक सुटते.

नक्कल करणारे नेमके इथे फसतात, कारण वळणाचा हिशेब न करता नुसती नागमोडी रेघ मारतात. हिशेब असा. बैठकीच्या पुढच्या कडेची त्रिज्या 1.2 मीटर धरली तर अर्धवर्तुळाची लांबी होते 3.77 मीटर. माणशी 60 सेंमी धरून सहा जण. त्यांची पावलं कडेपासून साधारण 45 सेंमी पुढे, म्हणजे 75 सेंमी त्रिज्येवर येतात. तिथे अर्धवर्तुळ 2.36 मीटर, माणशी 39 सेंमी. बसतं कसंबसं. त्रिज्या 80 सेंमीवर आणली, तर कडेवर चौघं आरामात मावतात पण पावलांना माणशी 27 सेंमी उरतात. मग बूट बुटाला लागतो आणि दोघं उठतात. बाहेरच्या वळणावर उलटं होतं. तिथे पाय मोकळे, पण पाठ कडेपासून 45 सेंमी आतल्या लहान त्रिज्येवर. 1.2 मीटरच्याच वळणावर पाठीची रेषा 2.36 मीटर, सहा जणांना बसवलं तर खांद्यांना 39 सेंमी, जे बहुतेक मोठ्या माणसांना पुरत नाहीत. तिथे चारच धरायचे. ‘एवढे मीटर म्हणजे इतकी माणसं’ असा सरसकट आकडा नागमोडी बाकाला लावताच येत नाही.

फुटक्या लाद्यांचं काम, ज्याला तिथे ‘त्रेंकादिस’ म्हणतात, तेही नुसती सजावट नाही. दोन दिशांनी वळणाऱ्या पृष्ठभागावर अखंड लादी बसत नाही, कोपरे वर राहतात. तुकडे बसतात. चकचकीत लादी पाणी पीत नाही, पाऊस थांबला की पुसून बसता येतं. पाठीत कमरेच्या उंचीवर एक फुगवटा आहे, तो बरोबर मणक्याच्या खोलगटीत येतो. एवढ्या टणक बाकावर दोन तास बसणं त्याच्यामुळे जमतं. दोष: दुपारी लाद्या तापतात. आणि तुकड्यांच्या मधला सांधा खचला की कड हाताला लागते, त्यामुळे दुरुस्ती सतत चालू ठेवावी लागते. हे परवडणार नसेल तर लाकडी पट्ट्या बऱ्या: पट्टीत 6 ते 10 मिमी फट, वरच्या कडा गोलावलेल्या, बैठकीला मागे 3 ते 5 अंशांचा उतार, स्क्रू स्टेनलेसचे आणि खालून मारलेले. वरून मारलेल्या स्क्रूच्या भोकात पाणी साचतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं.

उरलेल्या दोन दिवसांत समुद्र पाहिला. ठीक होता.

पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग बाग. ही बाग फ्रेंच सेनेटच्या ताब्यात आहे, आणि तिच्या हिरव्या लोखंडी खुर्च्यांचं मूळ डिझाइन 1923 सालचं, शहराच्या बागखात्याच्या कारखान्यातलं. 2003 साली डिझायनर फ्रेदेरिक सोफियाने तोच आकार फेर्मोब या फर्निचर कंपनीसाठी ॲल्युमिनियममध्ये नव्याने मांडला. पूर्वी या खुर्च्यांवर बसायचे पैसे पडत. बायका फिरून ते गोळा करत. 1974 साली ते बंद झालं. आता खुर्ची उचला, हवी तिथे न्या.

बसण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण खुर्ची हलवतो. चार बोटं पुढे, थोडी तिरकी, कधी पुन्हा होती तिथेच. शहरातल्या मोकळ्या जागांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइटने 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून हीच लकब टिपली होती. ती हालचाल म्हणजे शेजाऱ्याला न बोलता दिलेली सूचना असते: मी इथे बसतोय, पण तुमच्यात नाही. पक्क्या बाकावर ही सूचना देताच येत नाही, म्हणून तिथे माणूस एक तर फार जवळ बसतो किंवा बसतच नाही. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये 1992 साली नव्याने बाग उघडताना त्याच्याच सल्ल्याने सुट्या खुर्च्या आणल्या गेल्या.

सुटी खुर्ची कशी असावी, याची अट दुहेरी आहे: एका हाताने ओढता आली पाहिजे आणि वाऱ्याने उलटता कामा नये. जाळीदार किंवा पट्ट्यांची पाठ वारा सोडते. भरीव पाठ शिडासारखी धरते. बारीक खडीवर नुसते नळीचे पाय टोचून रुततात, आणि खुर्ची एका बाजूला कलते. पायाखाली आडवी पट्टी किंवा रुंद टोपी लागते. रंग गेला की गंज आधी पायाच्या टोकाशी धरतो, कारण तिथलाच रंग ओढून ओढून घासतो. म्हणून लोखंड असेल तर आधी झिंकचा थर, मग पावडर कोटिंग. हिवाळी साठवणीसाठी खुर्च्या एकात एक बसल्या पाहिजेत, हे तर खरेदी करणाऱ्याला नेहमी नंतर आठवतं.

आणि सगळंच सुटं ठेवायचं नाही. जड खुर्ची म्हाताऱ्या माणसाला ओढवत नाही, व्हीलचेअरवाल्याला तर खुर्ची नको, जागा हवी असते. बाकाशेजारी, बाकाच्याच रेषेत, 90 सेंमी रुंद आणि 1.3 मीटर खोल टणक जमीन सोडली की ती व्यक्ती ओळीत बसते. समोर सोडली तर वाटेत बसते. टेबल असेल तर वरच्या फळीचं एक टोक टेबलाच्या पायाच्या पुढे काढायचं, खाली किमान 70 सेंमी उंची आणि 50 सेंमी खोली मोकळी.

संध्याकाळी बाग बंद होते तेव्हा रखवालदार शिट्ट्या वाजवत फिरतात. माणसं रेंगाळत निघाली, खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. अष्टकोनी तळ्याकाठी वहीत पटपट काढून घेतल्या: दोन खुर्च्या काटकोनात, अकरा वेळा. समोरासमोर दोनदा, त्यातही एकदा दुसरी खुर्ची नक्की पाय ठेवायला, कारण तिच्या बैठकीवर खडीची धूळ होती. सात खुर्च्यांचा एक गोल, त्यात एका जागी फट. आणि त्या फटीतून थेट वाटेपर्यंत खडीत दोन चाकांच्या रेघा.