चौंडकं, काख आणि दहा मिनिटं

चौंडकं म्हणजे तुणतुणं नव्हे. कॉलेजच्या तीन वर्षांत हे मी इतक्या जणांना सांगितलंय की शेवटी शेवटी आमच्या ग्रुपमधली पोरं मला लांबून बघूनच ओरडायची, "नव्हे! नव्हे!"

तुणतुण्याची तार खुंटीला बांधलेली असते. एकदा सुरात लावली की गोंधळ संपेपर्यंत ते बिचारं एकच सूर धरून बसतं. चौंडक्याला खुंटीच नाही. एक पोकळ नळकांडं, त्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधोमध भोक पाडून ओवलेली तात, म्हणजे तार, आणि तातीच्या दुसऱ्या टोकाला हातात मावेल अशी मूठ. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, डाव्याच हातानं मूठ ओढून तात ताणायची आणि उजव्या हातातल्या लाकडी तुकड्यानं ती छेडायची. ताण वाढवला की सूर वर चढतो, सैल सोडला की खाली येतो. म्हणजे सूर लावून ठेवायची सोयच नाही, तो प्रत्येक वेळी मनगटातून काढायचा.

यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी गेले होते सुगम गायनासाठी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज, आणि शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव म्हणजे आम्हाला दिवाळीच्या आधीची दिवाळी. आधी सांगली, सातारा, कोल्हापूर असे तीन जिल्ह्यांचे वेगवेगळे महोत्सव, मग मध्यवर्ती, आणि त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ पुढे 'इंद्रधनुष्य'ला, म्हणजे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या महोत्सवाला जायचा. माझ्या डोक्यात मी थेट 'इंद्रधनुष्य'च्या मंचावर पोचले होते. निवड चाचणीत दुसऱ्या ओळीलाच सरांनी हात वर केला.

सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरी तबला वाजवायचे. म्हणाले, "गळा राहू दे. पण तू गाताना पायानं ठेका धरलास तो पक्का होता. लोकवाद्यवृंदात येतेस?"

लोकवाद्यवृंदात जास्तीत जास्त बारा जण आणि दहा मिनिटं. आमच्याकडे ढोलकी, दोन हलग्या, संबळ, धनगरी ढोल, कैताळ, दिमडी, घोळ, टाळ, तुणतुणं आणि सनई असे अकरा होते. सनईवाला पोरगा मिरजेहून यायचा, त्याच्या घरी लग्नाच्या सुपाऱ्या असायच्या, त्यामुळे दाट तिथीला तालीम रद्द. सगळे एकमेकांना वाद्याच्या नावानंच हाक मारायचे. "ए संबळ, डबा आणलास का?" कैताळ नावाची मुलगी आता तलाठी आहे आणि माझ्या फोनमध्ये अजून 'कैताळ'च आहे.

बारावी जागा रिकामी होती. सरांना यल्लम्माच्या जत्रेतला तो "ट्यांव ट्यांव" आवाज हवा होता, पण चौंडकं कुणाला वाजवता येत नव्हतं आणि शिकायला कुणी तयार होत नव्हतं. त्याचं कारण अवघड वाद्य एवढंच नव्हतं. आमच्या भागात चौंडकं म्हणजे जोगतिणीचं, यल्लम्माला सोडलेल्या बाईचं वाद्य. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर १९८२ साली कायद्यानं बंदी आली, महाराष्ट्रातही नंतर कायदा झाला. पण पोरीच्या काखेत चौंडकं बघितलं की गावातल्या बायकांना अजून परडी, भंडारा आणि डोक्यावरचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपलीच आठवते.

माझ्या आजीला तर आठवणारच. तिनं दारातच अडवलं. "ते भाईर ठिव. आज चौंडकं आणलंस, उद्या परडी घेऊन हिंडशील." मी समजावलं की आज्जी, ही स्पर्धा आहे, सर्टिफिकेट मिळतं. ती म्हणाली, "मग सर्टिफिकीट घरात आण."

चौंडकं गोठ्यात खुंटीला गेलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शिकवायला सरांनी एका मावशींना आणलं. त्या लहानपणीच देवीला सोडलेल्या. आता सरकारी पेन्शनवर आणि जत्रेतल्या गाण्यांवर त्यांचं भागायचं. जिमखान्यामागच्या खोलीत, जिथं एनसीसीच्या लाकडी बंदुका ठेवायचे, तिथं आमची तालीम चालायची. मावशी दारात चप्पल काढून आत आल्या, त्या बंदुका बघितल्या आणि म्हणाल्या, "ह्येबी वाजवता व्हय?"

पहिला आठवडा त्यांनी मला तात छेडूच दिली नाही. नुसतं काखेत धरून खोलीभर चालायला लावलं. "काख घट ठिव. बोटानं वढू नगंस, मनगटातनं वढ." दुसऱ्या दिवशी डावा दंड असा भरून आला की वेणी घालता येईना. मग छेडायला लागलो तर मी सनईच्या सुराशी जुळवायला बघायची आणि त्या वैतागायच्या. "सुरासाठी त्येच्याकडं काय बघतीस? त्येचा त्येला, तुझा तुला. येऊन भेटायचं आन् निघायचं." वर्षभर कोणत्याही क्लासला गेले असते तरी यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नसतं. चौंडकं सुरावर बसत नाही. खालून घसरत येतं, सुराला हात लावतं आणि परत उतरतं. तेवढ्या घसरणीतच त्याचं सगळं गाणं आहे.

सरांची आणि मावशींची मात्र कायम जुंपायची. सरांना दहा मिनिटांत सगळं बसवायचं होतं. आधी संबळावर गोंधळ, मग धनगरी ढोल, मग चौंडक्याची एक मिनिट वीस सेकंद, मग हलगी-ढोलकीचा सवालजवाब आणि शेवटी लेझमीचा ठेका चढवत नेऊन तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट. ते स्टॉपवॉच घेऊन बसायचे. सहा मात्रांतून आठ मात्रांत शिरायची जागा आम्ही बोटं मोजून मोजून घोटत होतो. मावशी म्हणाल्या, "मोजता कशापायी? बदलायचं आसलं की बदलायचं." सर म्हणाले, "मावशी, अकरावं मिनिट लागलं तर गुण कापतात." मावशींना हे पटलंच नाही. "देवी रात्रभर ऐकती आन् ह्यांस्नी दहा मिन्टं जड व्हत्यात?"

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. पण स्पर्धा सरांच्या बाजूनं होती.

स्पर्धेचा दिवस. सप्टेंबरचा शेवट, सकाळपासून पाऊस. गोठ्यातल्या ओलीनं कातडं आधीच आंबट ओल्या पोळीसारखं झालेलं, त्यात एसटीच्या खिडकीतून उडालेले शिंतोडे. हॉलमागं जाऊन मी तात छेडली तर "भद्द". हलगीवाली पोरं मुरलेली होती. नाश्त्याचे पुठ्ठ्याचे खोके आणि 'पुढारी'चे कालचे अंक गोळा करून त्यांनी जिन्याखाली जाळ केला आणि हलग्या शेकत बसली. वॉचमन धावत आला. "अहो काका, कातडं तापवतोय," म्हटल्यावर त्यानं एक हलगी हातात घेतली, कडेला थाप मारली आणि म्हणाला, "आजून जरा पायजे."

मावशींनी बजावलं होतं की चौंडक्याला ऊन दाखवायचं, जाळ नाही. पण ऊन कुठून आणू? मी शेकलं, आणि घाबरल्यामुळं जास्तच शेकलं. कातडं पापडासारखं कडक झालं. मंचावर गेलो, शंख झाला, गोंधळ झाला, ढोल झाला, माझी पाळी आली, मी नेहमीच्या ताकदीनं मूठ ओढली आणि आवाज सनईच्या वरती कुठंतरी किंचाळला. सनईनं डोळे मोठे केले. पुढच्या रांगेत परीक्षकांपैकी एकानं कागदावर काहीतरी लिहिलं.

खुंटी असती तर संपलं असतं. मी हात सोडला, अर्ध्यापेक्षा जास्त सैल. एक मिनिट वीस सेकंद निम्म्या ताणावर, जवळजवळ न ओढता वाजवलं. सूर मिळाला का, ते अजून सांगता येत नाही. भेटला आणि निघाला असावा. हलगी वेळेवर उतरली, तिहाई बसली, नऊ मिनिटं बावन्न सेकंद. सर विंगेत घड्याळ कवटाळून उभे होते.

जिल्ह्यात आम्ही दुसरे आलो. प्रमाणपत्रं बाराच्या बारा जणांना मिळाली. आमच्या नावनोंदणीच्या कागदावर मावशींचं नाव कुठंच नव्हतं. मला हे तेव्हा खटकलंसुद्धा नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

खटकलं ते पुढच्या आठवड्यात, त्यांच्या मानधनाचं व्हाउचर ऑफिसात अडलं तेव्हा. क्लार्कनं विचारलं, "संगीत शिकवण्याची पात्रता काय? प्रमाणपत्र जोडा." सरांनी तिथं जो आवाज चढवला तो आम्ही रसायनशास्त्राच्या तासाला कधीच ऐकला नव्हता. तरी व्हाउचर परत आलंच. मग बारा जणांनी पन्नास-पन्नास रुपये काढले, उरलेले सरांनी घातले, आणि पाकीट घेऊन मी आणि कैताळ मावशींच्या घरी गेलो.

त्यांनी पैसे मोजून घेतले. चहा टाकला. मग विचारलं, "कितवा आला नंबर?"

"दुसरा."

"पयला कुणाचा?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

"त्यांच्यात चौंडकं व्हतं?"

"नव्हतं."

"आन् तू जाळावर धरलंस न्हवं?"

मी गप्प. त्यांनी माझ्या हातातनं चौंडकं घेतलं, कातड्यावरून अंगठा फिरवला, कडेला गेलेली बारीक चीर मला दाखवली आणि ते आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ दे माझ्याकडं. कातडं बदलायचं हाय. सोमवारी ये, तवर काख रिकामीच आवळत जा."