बीजेचं पाणी

सहा वर्षं झाली मी टूर मॅनेजर म्हणून अंदमानच्या बॅचेस करतोय. मी कराडचा, समुद्र पहिल्यांदा बघितला तो कॉलेजच्या सहलीत. तरी हॅवलॉकचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक हॉटेलचा किचनवाला, जेट्टीवरचा प्रत्येक हमाल आता ओळखीचा झालाय (२०१८ पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण तिकीट काढताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात). पण जानेवारीतल्या एका सकाळी जे झालं त्यानंतर माझी कामाची पद्धतच बदलली, म्हणून सविस्तर लिहितोय.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता, २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून आलेली बॅच, सोळा माणसं. बहुतेक पुणे आणि रायगडची. पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल झालं होतं. मराठी ग्रुप असला की तिथे काय होतं ते हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सावरकरांच्या कोठडीसमोर मोठमोठी माणसं एकदम गप्प होतात, काहीजण खाली उतरेपर्यंत डोळे पुसत असतात. त्या जडपणातून माणसं बाहेर येतात ती हॅवलॉकला आल्यावर. आणि हॅवलॉकला सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, एलिफंट बीच.

एलिफंट बीचला गाडीरस्ता नाही. नेहमीची पद्धत म्हणजे जेट्टीवरून स्पीडबोट, वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो. पण आदल्या संध्याकाळी जेट्टीवर कळलं की वारा जास्त आहे, उद्या बोटी सुटणार नाहीत. दुपारी दोनची आमची पोर्ट ब्लेअरची फेरी बुक होती, तिघांचं दुसऱ्या दिवशी सकाळचं फ्लाइट होतं, म्हणजे एलिफंट बीचला दुसरा चान्सच नव्हता. मग मी जेवताना सांगितलं की जंगलातून पायवाट आहे, साधारण दोन किलोमीटर, ज्यांना जमेल त्यांनी पहाटे साडेपाचला तयार राहा. अकरा जणं तयार झाली. त्यात रेवदंड्याकडच्या एक कोळी मावशी होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, सून आणि अकरा वर्षांच्या नातवाबरोबर आलेल्या. मी त्यांना म्हटलं मावशी चिखल असेल, तुम्ही हॉटेलवर आराम करा. त्या म्हणाल्या, "बाला, चिखलात जल्म गेलाय माजा."

राधानगरच्या रस्त्यावर मध्येच डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरं आणि सुपारीच्या बागा लागतात, तिथेच कडेला वनखात्याचं चेकपोस्ट आहे. या बेटावरची बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांची, गावांची नावंसुद्धा गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी. आमचा गाइडही त्यांच्यातलाच, पंचविशीतला पोरगा, त्याचे आजोबा त्या पहिल्या लोकांत आलेले. चेकपोस्टवर नावं लिहिली, पाण्याच्या बाटल्या मोजून दिल्या आणि चालायला लागलो.

सुरुवातीला सुपारीच्या झाडांतून वाट जाते आणि मग एकदम जंगल सुरू होतं. पडौक आणि गर्जनची झाडं, वर बघितलं तर टोपी पडेल एवढी उंच, आणि बुंध्याला भिंतीसारखी रुंद मुळं, त्यातल्या एका खोबणीत मावशींचा नातू अख्खा उभा राहिला तर दिसेनाच. रात्री पाऊस पडून गेला होता त्यामुळे लाल चिखल, चपला हातात घेऊन चाललेली माणसं, कुणी घसरलं की सगळे हसायचे. गाइडने हत्तींचं सांगितलं. या जंगलातली लाकडं ओढायला मुख्य भूमीवरून हत्ती आणले होते, ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. त्यांच्यातला राजन नावाचा हत्ती खूप वर्षं या हॅवलॉकवरच होता, समुद्रात पोहायचा, जगभरातून लोक त्याला बघायला यायचे. २०१६ मध्ये गेला तो. गाइड म्हणाला मी लहान असताना त्याला केळी दिलीत, आणि थोडा वेळ गप्प चालत राहिला.

शेवटचा टप्पा खारफुटीचा आहे. जंगल उतरतं आणि सपाट काळा चिखल लागतो, दोन्ही बाजूंना कांदळ, पायाखाली बोटासारखी वर आलेली मुळं. आम्ही गेलो तेव्हा साडेसात वाजले होते, वाट नुसती ओली होती. बाजूच्या खळग्यांतून पाणी वाहत होतं ते मला दिसलं, पण ते कुठल्या दिशेला वाहतंय हे मी बघितलं नाही. मावशी मात्र तिथे थांबल्या होत्या, वाकून काहीतरी बघत होत्या, मला वाटलं खेकडे बघतायत.

आणि मग बीच. मी तिथे तीस-चाळीस वेळा तरी गेलो असेन, पण कायम बोटीने, आणि कायम शेकडो माणसं, लाइफ जॅकेटं, वॉटर स्कूटरचे आवाज, भेळ, मॅगी. त्या दिवशी कोणीच नव्हतं. एक माणूस नाही, एक स्टॉल उघडा नाही. पांढरी वाळू, २००४ च्या त्सुनामीनंतर आडवे पडलेले ते मोठमोठे ओंडके, उन्हापावसाने राखाडी झालेले, आणि त्यांच्यामागे हिरवं पाणी. अकरा माणसं दोन मिनिटं काही बोललीच नाहीत. सहा वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की लोक या जागेवर एवढं प्रेम का करतात.

गाइड मला म्हणाला, "दादा, साढ़े आठ बजे वापस, पानी आएगा." मी हो म्हटलं. खरं सांगतो, मी ते बीचवर पाणी येईल असं ऐकलं. वाटेवर येईल हे डोक्यातच आलं नाही. मी फेरीची वेळ बघितली होती, फ्लाइटची बघितली होती, वाऱ्याचा अंदाज बघितला होता. भरतीचा तक्ता मी फक्त स्नॉर्केलिंगच्या दिवशी बघायचो, आणि लाटा असल्यामुळे आज कुणालाच पाण्यात उतरवायचं नव्हतं, त्यामुळे तो मी उघडलाच नव्हता. साडेआठला गाइड परत आला, मी म्हटलं दहा मिनिटं. लोक इतके खूश होते. एक काका होते पासष्टीचे, बायको गेल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडलेले, ते एकटेच ओंडक्यावर बसून होते आणि त्यांना ऊठ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नऊला तो परत आला. मी परत दहा मिनिटं म्हटलं. त्या मुलाने मला तीन वेळा सांगितलं, हे मी कंपनीच्या रिपोर्टमध्येही लिहिलंय, चूक त्याची नाही.

साडेनऊ होऊन गेले असतील, मावशी कांदळवनाच्या बाजूने चालत आल्या आणि माझा दंड धरला.

"बाला, वाटंवर पानी आयलंय."

मी धावत गेलो. दोन तासांपूर्वी जिथून आम्ही चपला हातात घेऊन आलो ती वाट नव्हतीच. कांदळाच्या झाडांच्या मधून चहासारखं तपकिरी पाणी, स्थिर, खोली कळत नाही. मी उतरणार तेवढ्यात गाइडने शर्ट धरून मागे ओढलं. खारफुटीच्या खाडीत मगर असू शकते, खाऱ्या पाण्यातली. २०१० मध्ये याच बेटावर एक अमेरिकन पर्यटक मुलगी मगरीच्या हल्ल्यात गेली, पाण्याजवळचे ते पिवळे बोर्ड उगाच लावलेले नाहीत. आणि मगर नसली तरी गढूळ पाण्यात त्या मुळांमध्ये पाय अडकला तर माणूस पडतो.

एवढ्यात ते काका माझ्या मागून आले, म्हणाले कमरेएवढंच तर आहे, आणि मी वळेपर्यंत चार पावलं आत गेले. पाचव्या पावलाला त्यांचा पाय मुळांच्या बेचक्यात गेला आणि ते छातीपर्यंत खाली गेले. मी आणि गाइडने दोन्ही काखांत हात घालून बाहेर काढलं, नडगीवर वीतभर सालटं निघालेलं, रक्त येत होतं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, लहान मुलासारखा घाबरलेला. स्वच्छ पाण्याने धुऊन बँडेज बांधलं. माझे हात थरथरत होते, गाठ मावशींनी मारली.

मोबाइलला रेंज नव्हती. बोटी बंद. दोनची फेरी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आज बीज हाय, पुनवेचं उधान अजून उतरलं नाय. आमच्याकडं आज दीडला भरती. हितं तवर थांबनार नाय, आदीच भरलंय."

म्हणजे काय ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको, पण आम्हा घाटावरच्यांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडच्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीनला भरती, द्वितीयेला म्हणजे बीजेला दीडला. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी चढतं तो भांग. अंदमानात वेळ आपल्या कोकणाच्या आधीची पडते, पण चंद्र तोच, तिथी तीच, उधाणही तेच. मावशी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नवऱ्याची होडी कधी लागणार, मासळी कधी उतरणार, बाजार कधी गाठायचा, सगळं आयुष्य त्यांनी या हिशेबावर काढलेलं.

मग त्यांनी नातवाला हाक मारली, कांदळाच्या काड्या जमवायला सांगितल्या. पाणी जिथे चिखलाला टेकलं होतं तिथे एक काडी रोवली. पाच-सात मिनिटांनी ती पाण्यात गेली, मग वर दुसरी. मग तिसरी. प्रत्येक काडीला पाणी आदल्यापेक्षा उशिरा पोचत होतं. सगळा ग्रुप तिथे गोळा झाला, मघाशी घाबरलेली माणसं आता काड्यांकडे बघत बसली. गाइडसुद्धा. सहाव्या काडीला पाणी टेकलं आणि तिथेच राहिलं. अकराला दहा कमी होते. मावशी म्हणाल्या, "आता थांबलंय. हिच्याम्होरं नाय जायाचं." पंधरा-वीस मिनिटं ते पाणी नुसतं उभं होतं, एक पान तरंगत होतं ते ना इकडे ना तिकडे. मग ते पान हळूच समुद्राकडे निघालं, आणि मावशींचा नातू असा ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले.

"सुकती लागली," मावशी म्हणाल्या, म्हणजे ओहोटी. "आता दोन-अडीच तास बसा गप."

आणि आम्ही बसलो. फेरी जाणार हे मी सगळ्यांना सरळ सांगितलं, माझी चूक आहे हेही सांगितलं. एकजण चिडले, त्यांचं उद्याचं फ्लाइट होतं, त्यांना चिडायचा पूर्ण हक्क होता. पाणी मोजून वाटलं, माणशी दोन-दोन घोट. कुणाकडे शेंगदाण्याचे लाडू निघाले, कुणाकडे चिवडा. काकांना सावलीत पाय वर करून झोपवलं, मावशी त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या, तोही गेलेलाच, काका ऐकत होते आणि मग काकाही बोलायला लागले. काय बोलले ते मी ऐकायला गेलो नाही. नातवाने खिसाभर शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे गोळा केले होते, ते मी परत वाळूत ठेवायला लावले (इथून ते न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगेत सापडले तर काढून घेतात), तो रडवेला झाला तर आजीने सांगितलं की दर्याचं दर्याला ऱ्हाऊ दे.

सव्वा वाजता काड्या सगळ्या उघड्या पडल्या होत्या. गाइड पुढे काठीने चिखल चाचपत एकटा पलीकडे जाऊन आला, मग आम्ही एकमेकांचे हात धरून निघालो, पोटरीएवढं पाणी होतं, काका मध्ये, मी मागे. चेकपोस्टला पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. तिथल्या माणसाने रजिस्टरमधली आमची नावं एकेक करून मोजली, सगळी अकरा भरली तेव्हा मी खाली बसलो.

फेरी गेली होती. हॉटेलवरचे पाचजण मात्र बॅगांसकट जेट्टीवर आमची वाट बघत थांबले होते, एकानेही आम्हाला सोडून जायचं कबूल केलं नव्हतं. संध्याकाळच्या सरकारी बोटीत कशीबशी सगळ्यांना जागा मिळाली. इथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवास अंधारात झाला. मावशी डेकवर रेलिंगला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर नातू झोपलेला. मी जाऊन पाया पडलो तर म्हणाल्या, "पोरानं तीनदा सांगलंवतं तुला. त्याच्या पाया पड."

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून माफी मागितली. आता हॅवलॉकच्या माझ्या सगळ्या बॅचेसना तोच असतो, आणि तो चला म्हणाला की चर्चा न करता मी शिट्टी मारतो. प्रत्येक बॅचच्या कार्यक्रमपत्रिकेवर तारखेशेजारी मी पेन्सिलने तिथी लिहितो, भरतीचा तक्ता छापून फाइलला लावतो, आणि तरीही एक फोन रेवदंड्याला करतोच. मागच्या आठवड्यात केला होता, नव्या बॅचची तारीख सांगितली. पलीकडे थोडा वेळ बोटं मोजली गेली.

"आटम हाय. भांगाचं पानी. सकालचं ने त्यांना."