लिंबाचा ताण आणि बदामाची थंडी

नाशिक, १८ जानेवारी

संक्रांत होऊन गेली तरी पहाटेचा गारठा ओसरलेला नाही. आज सकाळी लिंबाच्या आळ्यात ताणानंतरचे पहिले पाणी सोडले. डिसेंबरात पाणी तोडल्यापासून पाने मलूल होत गेली, काही पिवळी पडून गळली. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा असेल तर झाडाची ही अवस्था शांतपणे पाहावीच लागते. आमची जमीन काळी आणि ओल धरून ठेवणारी असल्याने मुरमाड जमिनीपेक्षा येथे ताण बसायला अधिक दिवस लागतात. आळे हलक्या हाताने चाळून त्यात शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मिसळली आणि बेताचेच पाणी दिले. पुढचे पाणी याहून थोडे अधिक देईन.

पूर्वेच्या कुंपणालगतचा बदाम मात्र अजून अर्धीअधिक जुनी पाने धरून उभा आहे. हे झाड बियांपासून वाढवलेले. टरफलासकट मिळालेले काश्मिरी कागदी बदाम ओलसर वाळूत घालून दोनेक महिने फ्रीजमध्ये ठेवले होते, तेव्हा कुठे ते रुजले. बीला थंडी अशी देता आली. झाडाला ती कशी द्यावी, हा प्रश्न दर जानेवारीत माझ्यासमोर उभा राहतो.

काल मखमलाबादहून मामा आले होते. त्यांचे सारे आयुष्य द्राक्षबागेत गेले आहे. झाडाकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, "याचं पाणी कधी तोडलंस?" प्रश्न बागाईतदाराचा होता आणि अगदी योग्य होता. लिंबू, पेरू, डाळिंब यांना आपण पाण्याच्या ताणाने विश्रांती देतो आणि मग बहार धरतो. बदामाचे पाणी तोडले तर पाने गळतील, परंतु त्याच्या डोळ्यांची, म्हणजे फांद्यांवरच्या मिटलेल्या अंकुरांची, झोप तेवढ्याने पुरी होत नाही. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहील असे काहीशे तास हिवाळाभरात त्याला मिळावे लागतात; जातीनुसार साधारण २०० ते ५००. नाशिकला पारा काही पहाटे दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली जातो. पण सूर्य वर आला की हवा तापते आणि दुपारच्या उन्हात रात्री साठलेल्या थंडीचा परिणामही काही अंशी पुसला जातो. म्हणून वसंतात झाडाचे डोळे एका वेळी फुटत नाहीत: शेंडे आधी हिरवे होतात आणि खालच्या फांद्या कितीतरी दिवस उघड्याच राहतात.

द्राक्षालाही येथे पुरेशी थंडी मिळत नाही. मामांच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, तेव्हा ते एकसारखे फुटतात. ते औषध विषारी आहे. जेथे लहान मुले खेळतात त्या परसात ते आणायचे नाही, असे मी ठरवले आहे. शिवाय बदामाच्या बहुतेक जातींना फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे परागकण आणि ते वाहून नेणाऱ्या मधमाश्या लागतात, त्यामुळे एकट्या झाडाकडून बदामांची अपेक्षा मी ठेवत नाही. त्याची लांबट, पीच फळाच्या पानांसारखी पाने मला प्रिय आहेत आणि ते झाड राहणार आहे.

रस्त्यावरच्या देशी बदामाचे कूळच निराळे. त्याला असली थंडी लागत नाही. सध्या त्याची रुंद पाने लाल होऊन गळत आहेत.

घरच्या बागेत मला सर्वांत समाधान देते ते सीताफळ. त्याचे फूल आधी मादी अवस्थेत असते आणि पराग नंतर सोडते, त्यामुळे त्याच फुलात फळधारणा सहसा होत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तर बरीच फुले गळूनच जातात. पाकळ्या पूर्ण उघडलेल्या फुलांतील पराग कागदावर झटकून घ्यायचा आणि सकाळी लवकर मऊ ब्रशने अर्धवट उघडलेल्या फुलांना लावायचा. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की या कामाला यश येते, आणि असे फळ चारी बाजूंनी सारखे भरते.

वहिनींना अंजीर हवे आहे. दक्षिणेचा कोपरा त्यासाठी राखून ठेवला आहे. मे महिन्यात तेथे खड्डा खणून उन्हात तापू देईन आणि तळाशी मुरूम घालीन, कारण काळ्या जमिनीत साचलेले पाणी अंजिराच्या मुळांना सोसत नाही. कलम मृग लागल्यावर आणीन.