साठवरून शंभर

सेकंडहँड गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. बहुतेक गिऱ्हाइकांना अपघात झालाय का, क्लच किती उरलाय, एवढंच हवं असतं. फार तर शून्य ते शंभर किती सेकंद, ते. या ताईंनी मात्र एकाच दिवशी दोन गाड्या आणवल्या, फियाटची अबार्थ पुंतो आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. म्हणाल्या, "दादा, मी दर शुक्रवारी कोल्हापूरला जाते. ट्रकच्या मागे साठवर अडकले तर यातली कुठली मला लवकर बाहेर काढेल?" इतका नेमका प्रश्न घेऊन क्वचितच कोणी येतं. दिवसभर झटून काम करावंसं वाटलं.

दोन्ही गाड्या पुणे जिल्ह्यातल्याच. पुंतो रांजणगावची, पोलो चाकणची. दोन्हींचं उत्पादन थांबलंय, त्यामुळे चांगली निघाली की लोक तुटून पडतात. कागदावर पुंतो सरळ पुढे आहे: १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), चारही चाकांना डिस्क, शंभर गाठायला ८.८ सेकंदांचा दावा. पोलोकडे १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर, ९.७ सेकंद आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे स्वतःच गिअर बदलणारी पेटी.

आधी स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायला. पुंतोत एकही कोड नाही, पण रीडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या, अपूर्ण. म्हणजे कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. बॅटरी काढली तरी असं होतं, पण पुंतो विकणारा एजंट शपथेवर सांगत होता की बॅटरीला हात लावलेला नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं आमच्या धंद्यातलेही कितीतरी लोक धरून चालतात.

मग डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र. पट्टे आवळायच्या आधी टायरमधली हवा दोन्हींत नीट करून घेतली, कारण हवा कमी-जास्त असली की रोलरवरचा आकडा हलतो. पोलोचं ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, गप्प करावं लागलं. पुढची चाकं पळतायत आणि मागची उभी, हे दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर ताकद कापतो. दोन रनच्या मध्ये इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारा भाग) थंड होऊ दिला. हवामानाचं करेक्शन, म्हणजे विरळ हवेमुळे घटलेली ताकद हिशेबाने आकड्यात वाढवणं, मी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाड्यांना लावत नाही. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, हवा थोडी विरळ, पण टर्बो ती कसर बरीचशी स्वतःच भरून काढतो. त्यावर बिनटर्बोच्या साध्या इंजिनाचं करेक्शन चढवलं की आकडा फुगतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. असे कागद हातात घेऊन लोक माझ्याशी भांडायला येतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पोलोचा आलेख हवा तसा आला. पुंतोचा मात्र साडेतीन हजार आरपीएमनंतर बसला. वरच्या टोकाला ती पोलोच्या जेमतेम पुढे. लॉगमध्ये इंजिन जेवढा बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मागत होतं तेवढा मिळत नव्हता. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, धूर सोडला तर तो इंटरकूलरच्या होजपाशी (रबरी नळीपाशी) बाहेर पडला. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजवाल्याने क्लॅम्प तिरका आवळला होता आणि त्याच्या कडेने रबर कापलं गेलं होतं. होज बदलला, क्लॅम्प सरळ बसवला. पुढच्या रनला रोलरचा आवाजच बदलला. आलेख वर गेला आणि टिकला.

संध्याकाळी ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारातल्या लांब रस्त्यावर, परवानगी काढून, जीपीएस लॉगर लावून साठ ते शंभर मोजलं. तिसऱ्या गिअरमध्ये पुंतो स्पष्ट पुढे. पण गिअर न बदलता, पाचव्यातच पाय दाबला तर ती विचारात पडते. तिचा पूर्ण टॉर्क दोन हजार आरपीएमला येतो, पोलोचा पंधराशेलाच. शिवाय डीएसजी स्वतःच दोन-तीन गिअर खाली उतरते. मी ताईंना दोन्ही आकडे दिले आणि गाडी चालवायला त्यांच्याच हातात दिली. त्यांनी पोलो घेतली.

तरी मला एक गोष्ट सोडत नाही. सकाळी, होज फाटलेला असताना, त्यांनी पुंतोची एक फेरी मारली होती. मन तेव्हाच बनलं असेल का? त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "नाही हो, संध्याकाळची गाडीच मी धरली." मला मात्र अजून वाटतं, घाटात तिसरा गिअर टाकायची सवय असणाऱ्याच्या हातात पुंतोच हवी. दहा वर्षं वापरलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की आपण गाड्या मोजतो की आधीच्या मालकांची निगा, हे नक्की सांगता येत नाही. डायनो नसता तर ही पुंतो 'नुसती नावाची' म्हणून बदनाम झाली असती.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. जाहिरातीत टाकायला पुंतोचा नवा आलेख हवा होता, आणि किंमतही त्याने वाढवली होती. मी म्हटलं, आधीचा आणि नंतरचा दोन्ही एकाच कागदावर छापून देतो, होज बदलल्याची नोंदही खाली असेल. तो कागद न्यायला अजून कोणी आलेलं नाही.