तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आ-हा’चं दुसरं गाणं कोणतं?

माझी रिंगटोन वाजली की कोणीतरी हमखास विचारतं, “‘टेक ऑन मी’ ना? या आ-हावाल्यांचं दुसरं एखादं गाणं सांगा बरं!”

सांगतो. पण आधी त्या पहिल्याची रड ऐका. नॉर्वेच्या या तिघांच्या पॉप बँडचं ‘टेक ऑन मी’ १९८४ साली आलं आणि ब्रिटनमध्ये सपशेल आपटलं. मग निर्माता बदलला, गाणं नव्यानं रेकॉर्ड झालं आणि स्टीव्ह बॅरननं त्याचा व्हिडिओ केला. चित्रित केलेल्या फ्रेमवरून पेन्सिलनं गिरवलेली सुमारे ३,००० चित्रं, १६ आठवड्यांचं काम. हॉटेलात कॉमिक वाचत बसलेल्या मुलीपुढे कागदातून एक रेखाटलेला हात बाहेर येतो. ती तो धरून आत जाते. इकडे वेट्रेसला वाटतं, बाई बिल बुडवून पळाली! ती रागानं कॉमिक चुरगाळून कचऱ्यात टाकते. मला प्रेमकथेपेक्षा हा बिलाचा हिशेबच जास्त आवडतो. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणि गायक मॉर्टन हार्केटचा गळा! धृपद खर्जात सुरू होतं आणि पायरी पायरीनं चढत पार तारसप्तकात जातं; अडीच सप्तकांहून जास्त पल्ला. सोसायटीच्या गणपतीत कराओकेवर मी हे म्हटलंय. खालचा सूर मला सापडला नाही, वरच्या सुराला मी सापडलो नाही. काकूंनी पाणी आणून दिलं.

तर, दुसरं गाणं. ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टी.व्ही.’ हे जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ‘टेक ऑन मी’ तिथे दुसऱ्यावरच अडकलं होतं. १९८७ च्या बाँडपटाचं शीर्षकगीतही यांचंच. १९९१ साली रिओच्या माराकाना स्टेडियमात यांना ऐकायला आलेल्या १,९८,००० लोकांची गिनीज बुकानं नोंद घेतली. ‘एका गाण्याचा बँड’ हा शिक्का अमेरिकेचा, आपण तो उगाच उसना घेतला.

माझ्या आवडीचं विचाराल तर ‘हंटिंग हाय अँड लो’. रात्री, इअरफोन लावून ऐका. रिंगटोनला मात्र ते चालत नाही. लावून पाहिलं होतं. सुरुवात इतकी हळू, की मला ऐकू येईपर्यंत समोरच्यानं फोन ठेवलेला असायचा.