बाहेरच्या खोलीतलं टेबल रिकामं कसं राहिलं: माझा अनुभव

सोलापुरातलं घर, दहा बाय बाराची बाहेरची खोली. सकाळी मुलांचा अभ्यास, दिवसभर माझं काम, संध्याकाळी टीव्ही आणि येणारं-जाणारं कुणी, रात्री दोन गाद्या. अशा खोलीत टेबल नीट रचून भागत नाही, ते पाच मिनिटांत मोकळं करता आलं पाहिजे. पुढचं सगळं त्या पाच मिनिटांसाठी.

पहिलं काम मापाचं, आणि ते गाद्या घालून करायचं. सहा फुटी गादी दहा फुटांच्या बाजूने घातली की चार फूट उरतात. त्यात दोन फूट खोल टेबल ठेवलं तर चालायला दोनच फूट राहतात आणि खुर्ची कुठे ठेवायची हा प्रश्न उरतो. म्हणून मी 4 फूट लांब, 18 इंच खोल टेबल केलं. लॅपटॉप, वही आणि पाण्याची बाटली एवढ्यात बसतात. वेगळा मॉनिटर हवा असेल तर मात्र 18 इंचात तो डोळ्यांच्या फार जवळ येतो. उंची 29 इंच. सुताराने सवयीने पूर्ण लांबीचा चार इंची खण सुचवला, तो नको म्हटलं. खण लावला की खाली 25 इंच उरतात, हातांची खुर्ची आत जात नाही आणि मांड्याही अडतात. एकाच बाजूला तीन इंच खोलीचा छोटा खण पुरतो. खोल खणात वस्तूवर वस्तू पडते आणि तळाचं सापडत नाही. मिठाईच्या खोक्यांची झाकणं आत बसवली की कप्पे फुकटात होतात.

भिंतीवरची दुमडती फळी करायची असेल तर आधी भिंत ठोकून बघा. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दगड-मातीची भिंत असते. मातीच्या सांध्यात स्क्रूसाठी ठोकलेला प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, महिन्याभरात स्क्रू हलायला लागतो. तिथे पायांचं टेबलच बरं.

आवरायला बसताना जमिनीवर सोलापुरी चादर अंथरली आणि टेबलावरचं सगळं, अगदी पेनाचं टोपणसुद्धा, तिच्यावर उतरवलं. चादरीचा फायदा हा की मध्येच कुणी आलं तर चार टोकं उचलून गाठोडं आत नेता येतं. निवडताना ‘हे लागेल का’ असं विचारू नये, कारण उत्तर नेहमी हो येतं. ‘हे इथे कुणी ठेवलं आणि कुठून येताना’ असं विचारावं. माझ्या ढिगातलं निम्म्याहून जास्त सामान टेबलाचं नव्हतंच. गाडीची किल्ली, हेल्मेट, औषधांच्या पट्ट्या, कंगवा, वीजबिल, निवडायला आणलेल्या शेंगांची पिशवी. दारातून आत आलं की हाताला पहिली सपाट जागा टेबलाची लागते, म्हणून ते तिथे उतरतं. घरच्यांना ओरडून उपयोग नाही. दार आणि टेबल यांच्या मध्ये, टेबलाच्या आधी हाताला लागेल अशी जागा द्यावी लागते. दाराजवळ पाच खुंट्यांची पट्टी आणि खाली एक उघडी टोपली लावली. टोपलीला झाकण नको. झाकण असलं की वस्तू झाकणावर साठतात.

कागदांना जास्त वेळ गेला. टेबलावर एकच उथळ ट्रे, दोन बोटं उंचीचा. भरला की रविवारची वाट न पाहता रिकामा करायचा. बॉक्स फाइल ए-फोर मापाची आणू नका, खरेदीखत आणि जुने स्टॅम्प पेपर लीगल मापाचे असतात, त्यात दुमडावे लागतात. वीजबिल पुढचं बिल बरोबर आलेलं दिसलं की काढून टाकते, घरपट्टीच्या पावत्या मात्र कायम ठेवते. एक गोष्ट फार जण चुकतात: दुकानातून मिळणारं गुळगुळीत कागदाचं थर्मल बिल. ते उष्णतेनेच छापलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीशी पडलं की वॉरंटी संपायच्या आत अक्षरं उडतात. लॅमिनेशन केलं तर यंत्राच्या उष्णतेने सगळं काळं होतं. घरी आल्याआल्या फोटो काढायचा किंवा झेरॉक्स, तीच फाइलमध्ये.

कूलर लावायच्या घरात टेबल त्याच्या झोताच्या रेषेत नको. कागद उडतात हे तर झालंच, पण दमट हवेने ते वाकतात आणि पाकिटांचे डिंक आपोआप चिकटतात. माझं टेबल झोताच्या आडव्या भिंतीला आहे.

वायरी जमिनीवर ठेवू नयेत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आलं की घरभर पाइप आणि बादल्या फिरतात, आणि जमिनीवरचा एक्स्टेंशन बोर्ड तेव्हा धोक्याचा. तो टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने लावला. टेबलाची फळी 19 मिमीची असेल तर स्क्रू 16 मिमीच्या आत हवा, नाहीतर टोक सनमायक्यातून वर येतं. चार्जरचा ठोकळा जाळीच्या टोपलीत, उघडा; कापडाखाली झाकला तर तापतो. वायरी बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या घ्या. प्लास्टिकचे टाय दर वेळी कापावे लागतात, आणि कात्री वायरीला लागते.

धूळ कोरड्या फडक्याने झटकली की अर्ध्या तासात परत तिथेच बसते. जुन्या टॉवेलचा फूटभर तुकडा ओला करून घट्ट पिळायचा आणि एकाच दिशेने पुसायचं. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर सुताचे तंतू लॅपटॉपच्या जाळीत अडकतात, ती महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करावी.

रात्रीचा क्रम ठरलेला: लॅपटॉप खणाशेजारच्या उभ्या फटीत, ट्रे टेबलावरून उचलून फळीवर, फडकं एकदा, आणि शेवटी खुर्ची पूर्ण आत. खुर्ची बाहेर राहिली की सकाळी तिच्या पाठीवर इस्त्रीचे कपडे असतात, आणि दुपारी तेच कपडे टेबलावर.