दोन ऑड्स रेशो आणि दोन्ही बरोबर

दम्याच्या रुग्णांचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास होता. दर भेटीत रुग्णामागे एकच नोंद: लक्षणं आटोक्यात आहेत की नाहीत. विश्लेषण माझ्या दोन सहकाऱ्यांनी मुद्दामच वेगवेगळं केलं होतं, एकमेकींचे निकाल न बघता. त्या दिवशी डॉक्टर दोन्ही प्रिंटआउट घेऊन आले. ऑड्स म्हणजे लक्षणं आटोक्यात असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर; उपचारानं ते किती पट होतं, हा ऑड्स रेशो. तो एकीच्या कागदावर दुसरीच्या जवळपास दुप्पट.

"डेटा एकच आहे ना? मग चुकलंय कोण?"

दोघींचा कोड मी ओळीनं वाचला. कुणीच चुकलं नव्हतं. एकाच रुग्णाची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाहीच्या उत्तरांचं नेहमीचं मॉडेल, इथे चालत नाही, हे दोघींनी ओळखलं होतं. फक्त वाटा निराळ्या धरल्या होत्या. एकीनं जीईई वापरलं, म्हणजे एका रुग्णाच्या उत्तरांतलं नातं लक्षात घेऊन समूहाची सरासरी मोजणारी, लिआंग आणि झेगर यांनी 1986 मध्ये मांडलेली पद्धत. दुसरीनं प्रत्येक रुग्णाला त्याचा स्वतःचा रँडम इंटरसेप्ट दिला, म्हणजे मॉडेलमध्ये त्याची स्वतःची मूळ पातळी.

डॉक्टरांना सूत्रं दाखवून उपयोग नव्हता. मी फळ्यावर एक गट मांडला. निम्म्या रुग्णांची लक्षणं आटोक्यात असण्याची शक्यता 10 टक्के, उरलेल्या निम्म्यांची 90 टक्के. गटाची सरासरी 50 टक्के, म्हणजे ऑड्स 1. आता समजा, उपचारानं प्रत्येकाचे ऑड्स चौपट होतात. 10 टक्केवाले जवळपास 31 वर जातात. 90 टक्केवाले 97 वर, त्यांना वर जायला जागाच फार नाही. नवी सरासरी 64 टक्के, ऑड्स 1.78.

डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "प्रत्येकाचे चौपट झाले, आणि सगळ्यांचे मिळून दुप्पटसुद्धा नाहीत?"

अगदी तसंच. रँडम इंटरसेप्टचं मॉडेल चौपट सांगतं, जीईई 1.78 सांगतं. पहिलं एका रुग्णाबद्दल बोलतं, दुसरं रुग्णांच्या समूहाबद्दल. रक्तदाबासारख्या मोजमापात, साध्या रेषीय मॉडेलमध्ये, ही दोन उत्तरं एकच येतात, म्हणून तिथे मुरलेली माणसंही हो-नाहीच्या डेटात चकतात. रुग्णारुग्णातला फरक जितका मोठा, तितकी दोन उत्तरांतली दरी मोठी. नखांच्या बुरशीवरच्या औषधांच्या चाचणीचा, 294 रुग्णांचा डेटा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. त्यात रँडम इंटरसेप्टचं प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णारुग्णातल्या फरकाचं माप, सुमारे 4 येतं, आणि तेवढ्या विचलनाला दोन मॉडेलांचे गुणांक (ऑड्स रेशोचे लॉगॅरिदम) अंदाजे अडीच पटीनं वेगळे पडतात. इतका फरक असताना क्वाड्रेचरचे, म्हणजे मॉडेल बसवताना संगणक करतो त्या अंदाजे बेरजेचे, बिंदू कमी ठेवले तर उत्तरही डळमळतं. म्हणून आमच्या मॉडेलमध्ये मी ते बिंदू वाढवून पाहिले. गुणांक जागचे हलले नाहीत, तेव्हा जीव भांड्यात पडला.

"मग मी रुग्णाला कोणता आकडा सांगू?" हा डॉक्टरांचा खरा प्रश्न होता, आणि मला तो फार आवडला. माझं ठाम मत आहे की समोर बसलेल्या माणसाला नुसता ऑड्स रेशो सांगूच नये. त्याच्यासारख्या रुग्णाची शक्यता उपचाराशिवाय किती, उपचारानंतर किती, हे टक्क्यांत सांगावं. औषध सगळ्यांना पुरवायचं की नाही हे ठरवणाऱ्यांना मात्र समूहाची सरासरी हवी असते.

एवढ्यात माझी नजर गळतीच्या तक्त्याकडे गेली, आणि त्यानं मला त्या दोन आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ केलं. ज्यांची लक्षणं आधीच्या भेटीत आटोक्यात नव्हती, तेच पुढच्या भेटीला जास्त गैरहजर होते. साधं जीईई हे पेलत नाही. त्यात माणसं निव्वळ योगायोगानं गळाली असं धरलेलं असतं, आणि मागे राहिलेल्या बऱ्या रुग्णांमुळे समूहाचं चित्र आहे त्यापेक्षा गोजिरं दिसतं. गळती आधी नोंदलेल्या उत्तरांवरच अवलंबून असेल आणि मॉडेलची मांडणी ठीक असेल, तर रँडम इंटरसेप्टचं मॉडेल ती सांभाळून घेतं. पण एखाद्याला शेवटच्या भेटीनंतर अचानक जास्त झालं आणि म्हणूनच तो आला नाही, तर तेही अपुरं पडतं.

डॉक्टरांना गळालेल्यांपैकी काहीजण चेहऱ्यानिशी आठवत होते. जमेल तितक्यांना फोन करून न येण्याचं कारण विचारायचं त्यांनी कबूल केलं. जीईई वापरणाऱ्या सहकारीनं भारित जीईई चालवायला घेतलं, म्हणजे गळण्याची शक्यता जास्त असूनही आलेल्या रुग्णांना जास्त वजन देणारं. अहवालाच्या मुख्य तक्त्यात दोन स्तंभ झाले, 'एका रुग्णासाठी' आणि 'समूहासाठी', आणि त्यांच्या शेजारी टक्क्यांचा आलेख. गळतीची कारणं हाती येईपर्यंत अहवाल पुढे पाठवायचा नाही, असं आम्ही चौघांनी ठरवलं.